चामडी पिशवी आणि सांबराची मांडी

एका डोंगरगावात लखमू नावाचा एक शिकारी राहत असे. नेम पक्का, पाय चपळ, पण चारचौघांत उठून दिसायची भारी हौस. नवं मुंडासं बांधलं की तो विहिरीवरून दोनदा जायचा, घरात पाणी भरलेलं असलं तरी.

त्या गावाला राजाने वर्षातून एकदा सांबराच्या शिकारीची मुभा दिली होती. रानातच मांसाचे वाटे पडत आणि ते घरोघर जात. पहिली मांडी मात्र म्हाताऱ्या येसबाची. गावातल्या प्रत्येक शिकाऱ्याला माग काढायला त्यानेच शिकवलं होतं. आता त्याचे गुडघे थकले होते आणि वर्षभर तो त्या एका जेवणाची वाट पाहत असे.

यंदा मांस आणायच्या पिशव्या घेण्याचं काम लखमूकडे आलं. निघताना त्याची बायको भिमी म्हणाली, "सुती पिशव्या घ्या, सस्तातल्या. वारं लागलं तरच मांस टिकतं."

बाजारात सुती पिशव्यांचा ढीग होता. वीण अशी की वारा जाईल पण माशी जाणार नाही. दाम सगळ्यांना परवडेल असा. लखमूने गावासाठी त्या घेतल्या. तेवढ्यात खुंटीवरची चामडी पिशवी त्याच्या डोळ्यांत भरली. तेल पाजलेली, चकचकीत, तोंडाला पितळी कडी. दुकानदार म्हणाला, "हिच्यातून थेंब बाहेर यायचा नाही, अन् वारा आत शिरायचा नाही."

भिमीचं बोलणं लखमूला आठवलं, पण कडीपुढे त्याचं काही चाललं नाही. मध विकून आलेले स्वतःचे सगळे पैसे त्याने त्या पिशवीवर घातले. येसबाची मांडी या थाटात दारात उतरली की गाव बघत राहील, एवढंच त्याच्या मनात होतं.

सांबर मिळालं. लखमूने ऊन ऊन मांडी चामडी पिशवीत घातली आणि तोंड करकचून आवळलं. वाट दिवसभराची होती. प्रत्येक विसाव्याला बाकीचे आपापल्या पिशव्या सावलीत फांदीला टांगत. लखमू आपली पिशवी खांद्यावरच मिरवत राहिला.

शेवटच्या ओढ्याशी बाकीचे सगळे हातपाय धुवायला उतरले. लखमूने हौसेने कडी सोडली आणि वासाने तोंड फिरवलं. मांडी नासली होती. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

समोर फांदीला दुसऱ्या मांडीची पिशवी लटकत होती. आसपास कुणी नव्हतं. पिशव्यांतल्या मांड्यांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागणार होता? त्याने हात लावलाही. मांस गार होतं, वरून छान सुकलेलं. लखमूने हात मागे घेतला.

गावात शिरल्यावर तो थेट येसबाच्या अंगणात गेला. सुती पिशवीतला स्वतःच्या घरचा वाटा त्याने म्हाताऱ्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "आबा, तुमची मांडी माझ्या मिरवण्यापायी नासली. ह्यो माझा वाटा घ्या."

येसबाने चामडी पिशवी चाचपली. त्याला हसू आलं. "आरं, ऊन मांस कोंडून घातलंस, त्याचा जीव नाय का गुदमरनार?" मग तो चुलीकडे वळून म्हणाला, "भिमीला सांग भाकरी घिऊन यायला. वाटा तुझा, चूल माझी. सगळीच हितं जेवू."

आणि ते पोटभर जेवले. भिमीने एकदाच पिशवीकडे पाहिलं आणि भाकरी मोडली. लखमूला ती नजर बोलण्याहून जास्त लागली.

पुढच्या वर्षी शिकारीच्या वाटेवर लखमूच्या खांद्यावर तीच पिशवी होती, पाण्याने भरलेली. थेंबही गळत नव्हता. दुकानदार खोटं बोलला नव्हताच. येसबाची मांडी मात्र साध्या सुती पिशवीतून आली, आणि या खेपेला लखमूने ती प्रत्येक विसाव्याला स्वतःच्या हाताने सावलीत टांगली.

तात्पर्य: वस्तू घेताना ती दिसते कशी हे न पाहता काम काय करायचं आहे ते पाहावं, आणि हौसेपायी चूक झालीच, तर तिची झळ दुसऱ्याच्या ताटाला लागू देऊ नये.