जुन्या क्रमांकावर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ रुग्णसाहित्य केंद्र चालवत असत. खाटा, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रे. गरज असेल त्याने न्यावे आणि काम सरले की परत आणून द्यावे, अशी तिथली पद्धत. मागणीचे फोन त्यांच्या पत्नी घेत. केंद्राच्या संकेतस्थळावर, पहिल्याच पानावर, त्यांचे नाव आणि क्रमांक होता. पौषात त्या वारल्या. त्यांचा फोन बंद करून वृद्धांनी टेबलाच्या खणात ठेवला.

महिन्याभराने एक माणूस वीस किलोमीटरवरून मोटारसायकलने आला. त्याच्या आईला धाप लागली होती आणि आदल्या दिवसापासून तो तोच क्रमांक लावत होता. यंत्र मिळाले, आई वाचली. पण त्या दिवशी वृद्धांना जेवण गेले नाही.

त्यांच्या हाताखाली काम शिकणारी एक शिष्या होती. संगणकाचे सारे तीच पाहत असे. पानावर आजच्या आज तुझे नाव आणि क्रमांक घाल, असे त्यांनी तिला सांगितले. तिने बदल केला, प्रकाशित केला आणि पान उघडून पाहिले. तिथे वृद्धांच्या पत्नीचे, काकूंचेच नाव होते. तिने पुन्हा प्रकाशित केले. असे पाच वेळा झाले. शेवटी ती वैतागून सबंध पानच काढून नव्याने रचायला निघाली, तेव्हा वृद्ध उठले, त्यांनी पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन समोरच्या पिठाच्या गिरणीत गेले.

गिरणीवाल्याला त्यांनी त्याच्या फोनवर केंद्राचे पान उघडायला सांगितले.

"काका, अजून धडधाकट आहे मी," तो पीठ झटकत म्हणाला. "इतक्यात चाकांच्या खुर्चीला गिऱ्हाईक शोधताय होय?"

त्याच्या फोनवर पान उघडले. त्यावर शिष्येचे नाव होते.

केंद्रात येऊन बसल्यावर वृद्ध म्हणाले, "त्याने हे पान कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला आहे ते दिसलं. आपला संगणक रोज पाहतो. त्याने एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवली आहे, आपण मागितलं की तीच पुढे करतो. खोटं नाही बोलत तो. पुन्हा जाऊन बघत नाही, एवढंच."

"मग ती प्रत पुसते. झालं काम."

"इथलं झालं. रुग्णालयातल्या परिचारिका हे पान सारखं उघडतात. कुणी नंबर कागदावर उतरवून घेतला असेल. त्यांच्याकडचं पुसायला घरोघरी जाणार आहेस का?"

असे म्हणून त्यांनी खणातून पत्नीचा फोन काढला आणि चार्जिंगला लावला. शिष्येला वाटले, यांचे मन अजून त्यातून निघत नाही. ती हळूच म्हणाली, "काका, हाच नंबर तर काढायचा होता ना?"

"पानावरून काढला. लोकांकडून तो सावकाश जाईल. तोवर त्या नंबरवर कुणीतरी हवं. ज्याच्या आईचा श्वास अडकलाय, त्याला तुमचं पान जुनं आहे म्हणून सांगायचं का?"

मग त्यांनी आपली खुर्ची संगणकापुढे ओढली आणि काय दाबायचे ते विचारले. कंट्रोल धरून एफ-फाइव्ह, म्हणजे जपलेली प्रत सोडून पान नव्याने येतं, तिने सांगितले. पडद्यावरच्या पत्नीच्या नावाकडे ते थोडा वेळ पाहत राहिले. त्यांनी कळा दाबल्या. पान क्षणभर पांढरे झाले आणि नव्या नावासह परत आले. तिचा क्रमांक त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून तपासला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुना फोन वाजला. शिष्या उठू लागली, तिला हाताने थांबवून वृद्धांनीच तो घेतला. पलीकडून एका बाईने काकू आहेत का, म्हणून विचारले.

पौषापासून कुणापाशी न उच्चारलेले वाक्य त्यांनी आता उच्चारले.

"त्या आता नाहीत," ते म्हणाले. "मी बोलतोय. सांगा, काय हवंय?"

शिष्येने वही पुढे सरकवली. त्यांनी पत्ता लिहून घेतला.