दयार्णवाचा कुंभक

"महाराज, मग माझा कुंभक सिद्ध झाला म्हणायचं का?"

दयार्णवानं हे विचारलं तेव्हा त्याची उजवी बाही कोपरापर्यंत जळलेली होती. सकाळच्या आरतीत त्याची मान कलंडली आणि तो धुनीवर झुकला. लोकांनी मागे ओढलं म्हणून वाचला.

"रात्री माझा श्वास आपोआप कोंडतो, असं शेजारी निजणारे सांगतात," तो म्हणाला. "दिवसा बसल्या बसल्या समाधी लागते."

गावाचं काय, भरल्या अंगाचा साधू बसल्या जागी डोळे मिटतो म्हटल्यावर पाया पडायला रांग. येत्या दत्तजयंतीला यालाच मठाच्या गादीवर बसवायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानंही धरलं होतं.

केशरगिरी महाराज मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळी डोकं दुखतं?"

"दुखतं. कुंडलिनी चढत असावी."

"तोंडाला कोरड?"

"पडते. तपाची उष्णता."

"परवा पोथीतली एकच ओवी तीनदा वाचलीस."



महाराज उठले. त्यांनी त्याचं नाक-तोंड हातानं घट्ट दाबून धरलं. थोडा वेळ तो ऐटीत बसला. मग डोळे पांढरे व्हायला लागले आणि त्यानं गुरूचा हात झटकून टाकला.

"आत्ता हात झटकलास. रात्री कुणाचा झटकतोस?"

"...माहीत नाही."

"झोपेत घसा मिटतो तुझा. गुदमरतोस, दचकून श्वास घेतोस, पुन्हा घोरायला लागतोस. रात्री झोप होत नाही, म्हणून दिवसा कलंडतोस. आजार आहे हा, काळीज थकतं त्यानं. उद्या मिरजेला झोपेच्या डॉक्टरकडे जा. यंत्र देतील, त्याची नळी नाकाला लावून निजायचं."

"नळी लावलेल्या साधूला गादीवर कोण बसवेल?"

"नाही बसवणार कदाचित."

दयार्णवाचे डोळे भरले. बारा वर्षं त्यानं याच एका गोष्टीची वाट पाहिली होती.

"पण गुदमरतो हे कशावरून? शेजारचे तर कुंभक म्हणतात."

"काल तुझ्या उशाशी बसलो होतो. श्वास थांबला की माळेचा एक मणी ओढायचा. पहाटेपर्यंत दोन माळा झाल्या."

मणी ओढायचा तो नाव घेऊनच, हा मठाचा नियम. तो महाराजांनीच घालून दिलेला.

दयार्णवाचा आवाज खाली आला. "दोन माळा... कुणाचं नाव घेतलंत?"

"नाव कसलं घेतोय. तुझा पुढचा श्वास येईपर्यंत मी माझाच धरून बसलो होतो."