सशाने दार मोठे केले

एका जंगलाच्या कडेला एक खादाड ससा राहत असे. शेजारीच भुईमुगाचे शेत, मग काय विचारता! खायचे, लोळायचे आणि पुन्हा खायचे. आता सशांची रीत अशी, की बिळाचे दार आपल्या अंगाबरोबरच ठेवायचे, म्हणजे कोल्ह्याला आत शिरता येत नाही. पण या सशाचे पोट सुटले आणि तो दारात अडकू लागला. मग या शहाण्याने काय करावे? पोट कमी करायचे सोडून त्याने दारच उकरून मोठे केले! एकदा नव्हे, चांगले तीनदा.

एके सकाळी त्याला दारापाशी कोल्ह्याच्या पायांचे ठसे दिसले आणि त्याची पाचावर धारण बसली. शेजारची टिटवी ओरडली, "अरे वेड्या, काल कोल्हा दारात डोके घालून बघून गेला. आणखी चार बोटे उकरलेस, की तो आत!" सशाने तडक टेकडीला दहा फेऱ्या मारल्या आणि पुढचे तीन दिवस तो कण्हत पडला. "व्यायाम आपल्या नशिबातच नाही गं," तो रडवेला होऊन म्हणाला. टिटवी म्हणाली, "उद्या फक्त त्या बाभळीपर्यंत चल. मी हाक मारीन."

आणि टिटवीची हाक ती! उजाडताच सारे रान जागे झाले.

"आज पाय दुखतायत गं."

"मग चालत चल, पण चल!"

बाभळीनंतर ओढा आला, ओढ्यानंतर टेकडी. अंग हलके होईल तसतसा ससा ओली माती थापून दार बोटभर अरुंद करी आणि त्यातून सुळकन आत शिरून बघे. काय आनंद व्हायचा त्याला! पुढे पुढे तर टिटवीच्या आधी तोच उठू लागला.

एके दिवशी टेकडीवर कोल्हा आडवा आला. ससा जीव घेऊन पळाला! ओढा गेला, बाभळ गेली, कोल्हा अगदी शेपटीपाशी आला, आणि ससा सुळकन बिळात! कोल्ह्याने मागोमाग मुसंडी मारली. पण नाक तेवढे आत गेले, बाकीचा कोल्हा बाहेरच राहिला.

"मागे तर डोके जात होते!" तो नाक चोळत कळवळला.

"तेव्हा मी लोळत होतो!" ससा आतून आनंदाने ओरडला.

तात्पर्य : एका दिवसाच्या दहा फेऱ्यांनी अंग दुखते, रोजच्या एका फेरीने जीव वाचतो, आणि हाक मारणारा सोबती भेटला, तर आळसाचे काही चालत नाही.