दोन दोऱ्या आणि एक रांग

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीनंही नुसतं ऐकलं असेल इतक्या आधी, एका मोठ्या राज्याच्या कडेला एक डोंगराळ प्रांत होता. राजा लांब राहायचा. प्रांताचा कारभार पाहायची एक म्हातारी सुभेदारीण. तिला सगळे आईसाहेब म्हणत.

आईसाहेबांना दोन मुलगे. ते राजाच्या फौजेत होते. वर्षाकाठी एकदा घरी येत, जेवत, झोपत आणि परत जात. त्यामुळे कारभाराला हात लागायचे ते सुनांचे.

थोरलीकडे पोटाची कामं होती. अन्नछत्र, वैद्यशाळा आणि कामाला जाणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे हाताची कामं आली. घोंगड्यांचे माग, बाजार आणि घाटाची वाट.

सुगीनंतर वाटणीचा दिवस यायचा. कोठारातलं धान्य आणि गोठ्यातले बैल दोघींना वर्षभरासाठी वाटून द्यायचे. भांडणं नकोत म्हणून आईसाहेबांनी एक रीत घातली. अन्नछत्रात हजार पत्रावळी उठल्या की थोरलीनं आपल्या दोरीला एक गाठ मारायची. घोंगड्या लादलेला एक बैल घाट उतरला की धाकटीनं आपल्या दोरीला एक गोंडा बांधायचा. गाठी काय, गोंडे काय, वीतभर अंतरावर. वाटणीच्या दिवशी दोन्ही दोऱ्या सदरेवर शेजारी शेजारी अंथरायच्या. जिची दोरी लांब, तिचा वाटा मोठा.

रीत अगदी सोपी होती. भांडणं काही थांबली नाहीत, फक्त ती आता तोंडानं होत नव्हती.

थोरली वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. बारा वर्षं ती पहाटे उठून पेजेच्या हंड्याखाली जाळ घालत होती. पहिली वाटी रोज सासूबाईंकडे जायची. सासूबाई चव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी." बारा वर्षांत मीठ कधी पुरेसं पडलं नाही.

आणि धाकटीनं पहिली घोंगडी विणून आणली, तेव्हा त्याच सासूबाईंनी ती गुडघ्यांवर ओढली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ऊब आहे हो पोरीच्या हाताला!"

थोरली दारातच उभी होती. हातात वाटी होती. पेज गार झाली.

तेव्हापासून तिला धाकटीचं सगळंच दिसायला लागलं. राजाचे पाहुणे आले की बाजार बघायला जायचे. "वा, काय पेठ उभी केलीय!" म्हणायचे. वैद्यशाळेकडे कुणी फिरकायचं नाही. कशाला फिरकतील? बाजार भरलेला दिसतो. साथ आली नाही, ती कशी दिसणार? न मेलेल्या माणसाची कुणी मिरवणूक काढत नाही.

पहिल्या वर्षी थोरलीची दोरी धाकटीच्या दुप्पट भरली. दुसऱ्या वर्षी दोन्ही जवळजवळ सारख्या. तिसरं वर्ष लागलं आणि थोरलीच्या लक्षात आलं, आपल्या गाठी उशिरा उशिरा पडताहेत. रांग आखडत होती.

एक दिवस सारजा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. सारजाचा नवरा मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडला होता. पोटुशी सारजा तापानं फणफणत अन्नछत्रात आली, तेव्हा थोरलीनं चाळीस दिवस तिला स्वतःच्या हातानं पेज भरवली होती. तिची चिमी वैद्यशाळेतच जन्मली.

"बाईसाहेब, उद्यापासून माझी पत्रावळ मांडू नका."

"का गं? बरं नाही का?"

"बरी झाले म्हणून तर. धाकट्या बाईसाहेबांनी माग दिलाय मला. चिमीला तेवढं पाळणाघरात ठेवीन म्हणते."

थोरलीनं ओगराळं हंड्यात जरा जोरातच बुडवलं. "जा बाई, जा. तिकडे रंगीत गोंडे असतात. आमच्याकडे काय, पेज."

"असं काय बोलता? तुमच्या पेजेनं उभी राहिले म्हणून तर मागावर बसता येतंय!"

थोरलीनं सगळं ऐकलं. मनात मात्र एवढंच राहिलं, की सारजासुद्धा गेली.

त्या वर्षी धाकटीची दोरी हातभर लांब भरली. मोठा वाटा तिला गेला. आईसाहेब थोरलीला म्हणाल्या, "तुझ्याकडचं काम कमी झालं, बरंच झालं. जरा विसावा घे." म्हणाल्या प्रेमानं, पण ज्याच्या पोटात आधीच दुखतंय त्याला गूळही कडू लागतो. माझी माणसं पळवली, थोरलीला वाटलं. माझ्या पेजेवर पोसलेली, माझी माणसं.

दुसऱ्याच दिवशी प्रांतात दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! जो मागावर बसेल त्याला अन्नछत्राची पेज नाही, वैद्यशाळेचं औषध नाही, त्याच्या लेकराला पाळणा नाही! मिळवत्याचं मिळवत्यानं पाहावं हो!"

ऐकून म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही माना डोलावल्या. बरोबरच आहे, कमावतो त्याला फुकट कशाला? मत्सराला न्यायाचं लुगडं फार छान बसतं.

फक्त म्हातारे वैद्यबुवा कुरकुरले. "बाईसाहेब, मागावर बसणाऱ्याला ताप येत नाही असं माझ्या पोथीत तरी नाही."

"मग पोथी बदला," थोरली म्हणाली.

बायकांनी मनाशी हिशेब केला. मागावर आठवड्याला पायलीभर धान्य मिळायचं. पण लेकरू कुठे ठेवायचं? सासू खोकते, तिचा काढा कुठून आणायचा? एकेक करून त्या माग सोडून रांगेत येऊन बसल्या.

सारजा सगळ्यांत जास्त टिकली. चिमीला मागाच्या खुंटाला बांधून ती विणत राहिली. मग चिमीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सारजा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली.

"आलीस?" थोरली म्हणाली.

त्या आवाजातला आनंद तिचा तिलाच ऐकू आला. तिनं घाईनं हंडा ढवळायला घेतला.

"आले," सारजा म्हणाली. "माग सोडला. पोरीला औषध द्या."

चिमी बरी झाली. सारजा मात्र पत्रावळीवर बसली की दोन्ही हात मांडीखाली दडपून बसायची. विणायची सवय लागलेले हात रिकामे बसले की वळवळतात.

पुढच्या वाटणीला थोरलीची दोरी सदर ओलांडून पायऱ्यांवरून अंगणात उतरली.

"अगंबाई, यंदा गरज फारच वाढलेली दिसते," आईसाहेब म्हणाल्या. त्यांनी चारांतले तीन वाटे थोरलीला दिले. बैलही सगळे तिलाच, सरपण वाहायला.

"सासूबाई," धाकटी हळूच म्हणाली, "लोकर घ्यायला धान्य लागेल. आणि बैलांवाचून घोंगड्या खाली कशा जाणार?"

"पुढच्या वर्षी बघू हो."

धाकटीनं आपली तोकडी दोरी गुंडाळली. थोरलीनं ते डोळे भरून पाहिलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

पण पावसाळ्याच्या मध्यावर नाचणीवर करपा पडला. उभी शिवारं काळवंडली. ज्यांनी कधी अन्नछत्राचं दार पाहिलं नव्हतं तेही आता पत्रावळ घेऊन आले. रांग अन्नछत्रापासून निघाली, बंद मागांवरून गेली आणि नदीपर्यंत पोचली. थोरलीनं मनात जेवढी मागितली होती, त्याहूनही लांब रांग तिला मिळाली.

तिनं कोठावळ्यांना बोलावलं. "कणगी उघडा."

"उघडीच आहे, बाईसाहेब."

"मग ज्वारी कुठंय? तीन वर्षं येतेय ती?"

कोठावळे म्हातारे होते आणि नोकरी जाण्याची भीती त्यांना आता उरली नव्हती, म्हणून ते खरं बोलले. "ती येत नव्हती, आणली जात होती. घोंगड्या घेऊन जे बैल घाट उतरायचे, तेच ज्वारी लादून वर यायचे. तुमच्या हंड्यात निम्मी ज्वारी त्यांची होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही खाली जाणारे बैल मोजत होता, बाईसाहेब. वर येणाऱ्यांकडे पाहिलंत कधी?"

त्या दिवशी थोरली वाढत वाढत सारजापाशी आली. ओगराळं हंड्यात घातलं, तर ते तळाला खणकन वाजलं.

"राहू द्या," सारजा म्हणाली. "ऐकला मी आवाज."

"उद्या ये गं. उद्या काहीतरी करते."

जेवून उठल्यावर दुमडतात तशी सारजानं आपली कोरी पत्रावळ नीट दुमडली, चिमीला कडेवर घेतलं आणि निघाली. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. तिच्यासारखी एकशेचाळीस घरं घाट उतरून गेली होती.

ती रिकामी जागा पाहिली आणि थोरली तशीच निघाली. हातातलं ओगराळं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. चार वर्षांत ती पहिल्यांदाच मागांच्या पडवीत शिरली.

आत धाकटी एकटीच बसली होती. तिच्या मागे भिंतीला टेकून घोंगड्यांची थप्पी होती.

"या की, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "ओगराळ्यानं मारणार आहात का?"

थोरलीला हसू आलं नाही. "एवढ्या घोंगड्या कशा राहिल्या इथं?"

"मागच्या सालच्या. न्यायला बैल नव्हते."

थोरलीनं ओगराळं खाली ठेवलं आणि ती तिथंच बसली. "माझीच करणी आहे गं. तुझी दोरी लांब झालेली मला बघवत नव्हती. माझी रांग लांब हवी होती मला. लोक उपाशी राहिले तरी चालतील, पण माझ्या दारात राहावेत."

धाकटी तिच्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मी सांगू? दवंडी ऐकली तेव्हाच मला कळलं होतं काय होणार ते. सासूबाईंकडे जाऊन बोलायला हवं होतं. नाही गेले. म्हटलं, बुडू दे हिचं अन्नछत्र."

"तू? तुझं काय बिघडवलं होतं मी?"

"माझ्याकडे येतो तो घासाघीस करतो, जाऊबाई. वीतभर कमी विणून पायलीभर जास्त मागतो. तुमच्याकडे येतो तो हात जोडतो, लेकराला तुमच्या पायांवर घालतो. तुमच्या दारावरून जाताना रोज जळत होते मी."

इतकी वर्षं दोघी एकाच चुलीच्या धुरानं खोकत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, धूर समोरचीच करतेय.

"बैल लादते," थोरली उठत म्हणाली.

"हाकणार कोण? हाकणारेही गेले की घाटाखाली."

"मी हाकते."

आणि सुभेदारिणीची थोरली सून बैलांमागून घाट उतरली. वाटेत भेटेल त्याला विचारायची, "कडेवर पोर घेतलेली बाई पाहिली का? हात सारखे हलतात तिचे." बाराव्या दिवशी ती ज्वारी घेऊन वर आली. पेज पातळ झाली, पण हंडा पुन्हा वाजला नाही. दवंडीवाल्यानं पहिली दवंडी मागे घेणारी दुसरी दवंडी दिली. थोडी घरं परतली. माग पुन्हा खडखडू लागले.

वाटणीचा दिवस आला. थोरलीनं आपली दोरी आणलीच नव्हती.

"सासूबाई, आधी धाकटीची लोकर आणि तिचे बैल," ती म्हणाली. "उरेल त्यात मी भागवते."

"छे!" धाकटी म्हणाली. "आधी जाऊबाईंची पेज आणि पाळणे. लेकरू कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर बाईच्या हातून सूत तुटतं."

आईसाहेब गोंधळल्या. "अगं, पण जरा भांडा तरी! तुम्ही भांडला नाहीत तर मी वाटणी कशी करू?" मग त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. समोर आलेली पेजेची वाटी त्यांनी ओठाला लावली. या वेळी त्या मिठाबद्दल काही बोलल्या नाहीत. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दोरीनं लांबी कळते. कोण जेवून उठलं आणि आपल्या पायांवर चालू लागलं, ते दोरीला कळत नाही."

त्या वर्षापासून प्रांतात नवी रीत पडली. वाटणीच्या दिवशी कुणी स्वतःसाठी मागायचं नाही. थोरलीनं धाकटीच्या कामासाठी मागायचं आणि धाकटीनं थोरलीच्या.

रांग वर्षावर्षानं आखडत गेली. कुणी येऊन "उद्यापासून माझी पत्रावळ मांडू नका" म्हणालं, की थोरली त्याला ओगराळंभर जास्त वाढायची. फक्त रांगेच्या शेवटी ती रोज एक कोरी पत्रावळ मांडायची आणि दुपार टळली की आपल्या हातानं दुमडून ठेवायची. सारजा काही परत आली नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनो, यातून गाठीशी बांधायचं ते एवढंच: वाढणाऱ्या दोघी एकमेकींवर जळत राहिल्या, तर पंगतीतला माणूस उपाशी उठतो.