ठिपकीच्या वाटणीची शेपटी

कान टवकारा. मिशा असतील तर मिशाही टवकारा. ही गोष्ट ठिपकीची आहे.

ठिपकी म्हणजे मांजरीचं पिल्लू. एवढंसं. पांढरंशुभ्र, आणि नाकावर एक काळा ठिपका. ठिपकी फार संशयी बरं का! वाटीत दूध दिलं तरी आधी हुंगणार. मग एक डोळा बारीक करणार. मगच पिणार.

ठिपकीचं घर समुद्राजवळ. घरात चारूकाकी आणि तिचं बाळ रेवा. काकी विळीवर मासा कापायची. खच्च! शेपटी पायरीवर टाकायची. टप! "ही ठिपकीची," म्हणायची. नेहमी अस्संच.

एक दिवस घरी एक मिशीवाला माणूस आला. ते रेवाचे बाबा, दिगूकाका. काका मोठ्या बोटीवर स्वयंपाक करायचे. खूप दिवसांनी घरी आले होते. ठिपकीने त्यांना कध्धी पाहिलं नव्हतं.

काका म्हणाले, "आज मासा मी करणार. ग्रीस देशात करतात तस्सा!"

काकी खूश. ती रेवाला झोपवायला गेली. आणि पाळण्याशेजारी आपणच झोपली. घुर्रर्र!

काकांनी मासा घेतला. लालेलाल तांबोशी. साफ केला. मीठ चोळलं. ट्रेमध्ये बटाट्याच्या चकत्या मांडल्या. कांदा मांडला. टोमॅटो मांडला. लसूण टाकली. वर मासा झोपवला. अख्खा! डोक्यासकट. शेपटीसकट. वरून तेलाची धार. आणि ओव्हनचं दार बंद. खट्!

ठिपकी पायरीवर वाट बघत होती. खच्च नाही. टप नाही. शेपटी नाही!

ठिपकीला रडूच आलं. मग तिने एक डोळा बारीक केला.

हुंग हुंग हुंग. "काहीतरी गडबड आहे!"

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. गेली काकांकडे.

"काका काका, माझी शेपटी द्या."

"शेपटी? ती बघ तुझ्या मागेच आहे!"

ठिपकीने मागे बघितलं. "ही माझी मीच आणलीय. मला माशाची हवी. ती माझ्या वाटणीची असते."

"असं कोण म्हणतं?" काकांनीही एक डोळा बारीक केला. "हा मासा लिंबू पिळल्याशिवाय कुण्णाला मिळणार नाही."

"मग आणा ना लिंबू."

"मी हललो की तू मासा पळवणार! बोटीवरच्या मांजरीने असंच केलं होतं. मी नाही हलणार. आधी लिंबू, मग शेपटी."

हुंग हुंग हुंग. "काहीतरी गडबड आहे!"

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. गेली लिंबाच्या झाडाकडे.

"झाडा झाडा, लिंबू दे.
काका शेपटी देईनात.
मग मी खाऊ तरी काय?"

झाड म्हणालं, "लिंबू टाकू? आणि ती शेळी बघ! माझ्या खालीच उभी. लिंबू पडलं की गट्ट करील. मला नाही तिचा भरवसा. आधी शेळी हटू दे, मग लिंबू."

हुंग हुंग हुंग. "काहीतरी गडबड आहे!"

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. गेली शेळीकडे.

"शेळीताई शेळीताई, जरा हट.
झाड लिंबू देईना,
काका शेपटी देईनात.
मग मी खाऊ तरी काय?"

शेळी म्हणाली, "बेंएएए! मी हटले की लिंबू तू खाणार!"

"मी लिंबू खात नाही."

"सगळे असंच म्हणतात. आधी फणसाची पानं, मग हटते."

हुंग हुंग हुंग. "काहीतरी गडबड आहे!"

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. गेली फणसाकडे.

"फणसा फणसा, पानं टाक.
शेळी हटेना,
झाड लिंबू देईना,
काका शेपटी देईनात.
मग मी खाऊ तरी काय?"

फणस म्हणाला, "पानं? अशीच? आज ही शेळी मागते. उद्या गावातल्या सगळ्या शेळ्या येतील. मला बोडका करतील! मी आपणहून काही टाकणार नाही. आधी वारा वाहू दे, मग पानं."

हुंग हुंग हुंग. "काहीतरी गडबड आहे!"

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. वारा कौलांवर गुपचूप बसला होता.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना.
फणस पानं टाकेना,
शेळी हटेना,
झाड लिंबू देईना,
काका शेपटी देईनात.
मग मी खाऊ तरी काय?"

वारा म्हणाला, "शूऽऽ! वाहू? आणि खिडकी आपटली म्हणजे? रेवा उठली म्हणजे? काकी मलाच ओरडणार! तुझा डाव कळला मला. आधी रेवा उठू दे, मग वाहतो."

बिचारी ठिपकी! पोटात कावळे ओरडायला लागले. काव काव काव!

ठिपकी निघाली. दबक दबक दबक. गेली रेवाच्या पाळण्यात. रेवाच्या कानाशी तोंड नेलं.

"रेवाबाळ रेवाबाळ, ऊठ ना गं.
वारा वाहेना,
फणस पानं टाकेना,
शेळी हटेना,
झाड लिंबू देईना,
काका शेपटी देईनात.
मग मी खाऊ तरी काय?"

रेवा नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. ती झोपली होती ना!

ठिपकी आणखी जवळ गेली. आणखी जवळ. मिशा लागल्या रेवाच्या नाकाला. गुदुगुदु गुदुगुदु...

आऽऽऽ... आऽऽऽ... आक्छी!

रेवा उठली! ठिपकीला बघून खुदकन हसली. काकीपण दचकून उठली. "अगंबाई! मासा!"

आता काय झालं?

रेवा उठली,
तसा वारा वाहिला. सूंऽऽऽ!
वारा वाहिला,
तशी फणसाने पानं टाकली. फडफड फडफड!
पानं पडली,
तशी शेळी हटली. टपटप टपटप!
शेळी हटली,
तसं झाडाने लिंबू दिलं. टुप्!

लिंबू निघालं घरंगळत. गडगड गडगड. अंगणातून ओट्यावर. ओट्यावरून स्वयंपाकघरात. थेट काकांच्या पायाशी!

काकांनी लिंबाकडे बघितलं. ठिपकीकडे बघितलं. "हे हिने आणलं?"

तेवढ्यात रेवाला कडेवर घेऊन काकी आली. "अहो, शेपटी दिलीत ना तिला? शेपटी ठिपकीच्याच वाटणीची असते!"

"अरेच्चा!" काका म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही!"

"मी सांगितलं," ठिपकी म्हणाली. "म्याव!"

काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. हाऽऽऽ! काय वास सुटला! लिंबू पिळलं. चिर्रर्र! मग शेपटी काढली. तिच्या बाजूचा मऊ मऊ मासा काढला. काटे काढले. फू फू करून निववलं. आणि पायरीवर ठेवलं. टप!

ठिपकी आली. दबक दबक दबक.

हुंग. आंबट वास.
हुंग. लसणीचा वास.
हुंग. मिशीवाल्या माणसाचा वास.
ठिपकीने एक डोळा बारीक केला. ती मागे सरली.

काका खाली पायरीवर बसले. "फसवत नाही गं तुला," ते म्हणाले. त्यांनी एक घास आधी स्वतः खाल्ला.

ठिपकीने बघितलं. मग एक चाट. मग दुसरी चाट. मग चट चट चट चट! शेपटी गट्ट. मासा गट्ट. पायरीसुद्धा चाटून लख्ख!

आणि मग? मग ठिपकी दबकली नाही. हुंगली नाही. सरळ उडी मारली काकांच्या मांडीवर. धुप्! आणि दोन्ही डोळे मिटून झोपली. गुर्रर्र गुर्रर्र.

काकी म्हणाली, "अहो, जेवायला चला. मासा गार होतोय."

"शूऽऽ!" काका म्हणाले. "हलू कसा?"

ठिपकी उठेना.
काका हलेनात.
मग काकीने ताटं पायरीवरच आणली. काकी पायरीवर बसली. रेवा पायरीवर बसली. आणि ग्रीस देशातला मासा सगळ्यांनी ठिपकीच्या पायरीवर बसून खाल्ला. हळूहळू. आवाज न करता.