राजाची डबी आणि पन्नास फटके

पिऊन सापडेल त्याला चौकात पन्नास फटके, असा फतवा राजा भूपालसिंहाने काढला आणि पहिल्याच दिवशी सापडला धोंडबा रंगारी. फतव्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'मन खंबीर असलं की व्यसन एका दिवसात सुटतं.' हे लिहिणाऱ्या प्रधानजींच्या मेहुण्याचा दारूचा गुत्ता रंगारी आळीच्या तोंडाशीच होता. तो चालूच राहिला. मेहुणे काही पिऊन सापडले नव्हते.

धोंडबाची लेक येसू कोपरापर्यंत निळ्या हातांनी तशीच दरबारात शिरली. बाप आजारी आहे, निम्म्या फटक्यांतच मरेल, असं तिने सांगितलं. पांढऱ्या मिशांच्या शहाण्यांनी माना हलवल्या. हल्लीच्या पोरी फार बोलतात, एवढाच सल्ला त्यांच्याकडे निघाला. राजा म्हणाला, चाबकावाचून व्यसन सोडता येतं हे उद्या सूर्यास्ताच्या आत दाखव, नाहीतर फटके ठरलेले.

"दाखवते," येसू म्हणाली. "फक्त महाराजांची तपकिरीची डबी उद्या माझ्याकडे राहू द्या. मन तर खंबीर आहेच."

भर दरबारात नाही कसं म्हणणार? राजाने डबी दिली.

दुसऱ्या दिवशी राजा ऐटीत गादीवर बसला. थोड्याच वेळात त्याचा हात कमरेशी चाचपडू लागला. दुपारी डोकं ठणकलं, प्रधानजींवर उगाच खेकसून झालं, एका हुकमावर मोहोर उलटी उमटली. मग काय, दरबार धावला! राजवैद्य आले, काढा आला, कपाळाला लेप लागला, गरम शिरा आला. एक म्हातारा सरदार पाय चेपत समजावत राहिला, महाराज, हळूहळू सुटतं, आजचाच दिवस काढा.

सूर्य टेकला तशी येसूने खुंटीवरचा चाबूक काढून प्रधानजींपुढे धरला.

"महाराजांचा हात सतरा वेळा कमरेला गेला. तुम्हाला वैद्य आठवला, शिरा आठवला, पाय चेपायचंही आठवलं. एवढ्या शहाण्यांत हा कोणालाच कसा आठवला नाही? आणि महाराज, याच्यावाचूनच दिवस निघाला ना?"

प्रधानजी अंग चोरून मागे सरकले. राजा आधी लाल झाला, मग असा हसत सुटला की कपाळावरचा लेप शिऱ्यात पडला. हसतहसतच त्याने धोंडबाला सोडवलं, राजवैद्याला रोज रंगारी आळीत बसायचा हुकूम दिला आणि गुत्त्याला कुलूप ठोकून किल्ली येसूच्या हातात दिली.

"आता डबी दे बघू," त्याने हात पुढे केला.

"वैद्यांना विचारून सांगते," येसू म्हणाली. "हळूहळू सुटतं, महाराज."