चोचीएवढी फट

खूप खूप वर्षांपूर्वी, माणूस वाट चुकूनसुद्धा जंगलात येत नसे तेव्हा, एका जंगलात तंटे मिटवायचं काम म्हाताऱ्या कासवाकडे होतं. त्याच्या निकालावर पुढे दाद मागायला जागा नव्हती. तिथली रीत अशी, की निकाल सांगितला की कासव मान कवचात ओढून घेई. मान आत गेली, की तंटा संपला.

पण कासव होतं मऊ मनाचं. आपल्या हातून कुणावर अन्याय तर झाला नाही ना, ही धाकधूक त्याला निकालानंतरही सोडत नसे. कुणी कवचावर टकटक केली, की लगेच मान बाहेर!

एकदा धनेश पक्ष्याचं जोडपं आणि घोरपड एका ढोलीवरून भांडत आले. टेकडीवरच्या सावरीच्या झाडातली ती ढोली. धनेश दरवर्षी तिथेच घर करायचे. घोरपड म्हणाली, "थंडीत मी तिथे झोपले होते. आता ती माझीच."

कासवाने दोघांचं नीट ऐकलं, ढोली धनेशांना दिली आणि मान आत घेतली.

दुसऱ्याच दिवशी टकटक झाली. "आजोबा, काल मला ठसका लागला होता हो. माझं म्हणणं मांडताच आलं नाही," घोरपड म्हणाली.

"अरेरे! मग सांग पुन्हा."

घोरपड इतकं गोड बोलली, की ढोली तिची झाली. मग धनेश रडत आला, ढोली त्याची झाली. मग घोरपडीला पुन्हा ठसका आठवला. हे पाहून सशांनी पणजोबांच्या काळात मिटलेला बिळाचा तंटा उकरून काढला, साळिंदराला कधीचा अपमान आठवला आणि कासवापुढे जत्राच भरली. कासव मनातून खूश होतं. आपल्याइतकं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण, असं त्याला वाटे.

एके सकाळी धनेशीण स्वतः आली. तिची चोच चिखलाने माखली होती.

"आजोबा, अंडी घालायच्या वेळी मी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. तुम्ही निकाल दिला की लिंपते, फिरवला की फोडून बाहेर येते. ढोली नाही मिळाली तर दुसरी शोधेन. पण काय ते एकदाचं ठरू द्या. अंडं काही तुमच्यासाठी पोटात थांबायचं नाही."

कासवाला फार लाज वाटली. आपण दया करतोय असं ते समजत होतं आणि इथे हिच्या घराचं दारच लागत नव्हतं.

"पण पोरी, माझी खरंच चूक झाली असेल तर?"

"मीही दार लिंपताना चोचीएवढी फट ठेवतेच की! धनेश तिच्यातून मला फळं भरवतो. पण घोरपड काही त्या फटीतून आत येत नाही."

कासव खदखदून हसलं. पहिल्या दिवशी ऐकलेलं सगळं त्याने आठवून पाहिलं. त्यात काही चुकलं नव्हतं. धनेश आणि घोरपडीला बोलावून त्याने तोच निकाल पुन्हा सांगितला आणि मान आत घेतली.

थोड्या वेळाने टकटक झाली. मान काही बाहेर आली नाही. आतूनच आवाज आला, "उघड दिसणारी चूक आहे, की आधी कुणालाच ठाऊक नसलेलं काही सापडलंय?"

"चूक आहे, आजोबा. ढोली सावरीची, तुम्ही आत्ता बेहड्याची म्हणालात," धनेश म्हणाला.

"खरंच की! सावरीची, सावरीची," कासव म्हणालं.

पुन्हा टकटक झाली. या खेपेला घोरपड होती.

"नवीन काही आहे का?"

"नाही, तेच. पण आज मोठ्याने सांगते."

"मग राहू दे, बाई."

घोरपड दिवसभर कवचाला चिकटून बसली. शेवटी कंटाळून निघाली, तर तिला खडकात एक उबदार कपार सापडली आणि ती तिथेच रमली. सशांची जत्राही पांगली.

पुढे सावरीचा कापूस जंगलभर उडू लागला, तेव्हा ढोलीच्या फटीतून एक इवलीशी चोच डोकावली. ती पाहायला कासव स्वतः टेकडी चढून गेलं. पोचायला त्याला बराच वेळ लागला, पण आता त्याला सवडच सवड होती.

तात्पर्य: न्यायात झालेली चूक सुधारायला फट हवीच, पण न्याय टिकायचा तर ती चोचीएवढीच हवी.